कोरडवाहू पार्टीचं टँकरचं गाणं

उत्तरेश्वररावांची मागणी फार मोठी नव्हती हो. आपण रचलेलं गाणं कुणीतरी एकदा, फक्त एकदाच, शेवटपर्यंत ऐकावं. बस्स. लोक सरकारकडं धरणं मागतात, रस्ते मागतात, कारखाने मागतात, आणि कधी ना कधी त्यांना ते मिळतंही. पण सगळ्या उमरग्यात उत्तरेश्वररावांच्या गाण्याचं दुसरं कडवं ऐकलेला माणूस निघत नव्हता. शेजारचे बब्रुवान, म्हणजे निवृत्त तलाठी, पहिलं कडवं मान डोलावून ऐकायचे आणि दुसरं सुरू होताच त्यांना ‘आठवण’ व्हायची. कसली ते उठून गेल्यावर कळायचं, म्हणजे कळायचंच नाही. दूध सोसायटीचे चेअरमन आबाराव यांनी तर पहिलं कडवं उभ्याउभ्याच ऐकलं आणि विचारलं, “समदं खरं, पर ह्यात सोसायटीचं नाव कुठं हाय?” आणि कुणी नसलंच उठणारं तर वीज उठून जायची. गिटार विजेवरची. वीज गेली की तिच्यातून मच्छर गुणगुणल्यासारखा आवाज येई.

उत्तरेश्वरराव त्याच सोसायटीत कारकून होते. दुष्काळ असा पडला होता की जनावरं छावणीला गेलेली, दूध यायचं बंद झालेलं, आणि दूधच नसलं तर कारकुनानं करायचं काय? त्यानं गाणी करायची. गिटार त्यांनी हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणली होती. जोडीला दोघं मिळाले. एक पिराजी गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. दर जयंतीला भीमगीतं गाऊन गाऊन त्यांचा गळा असा तयार झाला होता की माईक नसला तरी त्यांचं अडत नसे, माईक असला तर मात्र माईकचं अवघड व्हायचं. दुसरा बंडप्पा, तहसीलच्या पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. त्याच्याकडं एक खरा ड्रम होता आणि बाकी सगळे तेलाचे डबे. ऐकणाऱ्याला फरक कळत नसे, आणि कळला तरी बंडप्पाची मनगटं बघून कुणी बोलून दाखवत नसे.

गाण्याच्या पार्टीचं नाव ठेवलं ‘कोरडवाहू’. नाव उत्तरेश्वररावांचंच. पाटी दाराला लावली त्या आठवड्यात दोन शेतकरी येऊन अर्ज कुठं मिळतो, अनुदान किती टक्के, सात-बारा जोडायचा का, असं विचारून गेले. एकाला तर पिराजी गुरुजींनी गाणं ऐकवलं. तो म्हणाला, “हे ठीक हाय, पर पैसे कवा मिळतेत?”

गाणं टँकरवर होतं. दुष्काळात माणूस दुसऱ्या कशावर गाणं करणार? पिराजी गुरुजी टिपेला विचारायचे, “आला का?” आणि बाकीचे दोघं ओरडायचे, “न्हाय आला!” मग पुढं,

घागर माझी उपाशी,
नजर लागली रस्त्याशी!

चाल अशी की ऐकताना पाय आपोआप हलायला लागावेत. निदान उत्तरेश्वररावांचे हलायचे. त्यांची बायको सत्यभामा स्वयंपाकघरातून म्हणायची, “अहो, भांडी पडायला लागलीत फळीवरची, जरा हळू.” यालाच ते घरचा विरोध म्हणत.

अशात ते मेहुण्याकडं हैदराबादला गेले आणि तिथं त्यांना साक्षात्कार झाला. मेहुण्यानं नवा व्हिडिओ घेतलेला. त्यावर परदेशातल्या एका पार्टीचं गाणं लावलं. चौघं केसाळ माणसं एका उजाड माळावर उभी, मागं एक मोडकी मोटार, केस वाऱ्यावर, आणि कॅमेरा त्यांच्याभोवती पिसाळल्यासारखा फिरतोय. शब्द एक कळला नाही, चाल डोक्यावरून गेली. पण संपल्यावर उत्तरेश्वररावांच्या ध्यानात आलं, की आपण ते शेवटपर्यंत बघितलं! डोळ्यांची पापणी न हलवता! म्हणजे लोकांना गाणं ऐकायचं नसतं, बघायचं असतं. येताना एस.टी.त ते इतके खुशीत होते की कंडक्टरनं दोनदा विचारलं, “सायेब, तब्येत बरी हाय ना?”

उजाड माळ तर उमरग्यात पाहिजे तेवढा होता. या बाबतीत परदेशी लोकांना आपण सहज मागं टाकू, याबद्दल तिघांचं एकमत झालं. मोडक्या मोटारीच्या जागी टँकर. आता कॅमेरा. बब्रुवान म्हणाले, “सोलापूरचा वीरप्पा बोलवा. माझ्या पुतणीच्या लग्नाचं व्हिडिओ शूटिंग त्यानंच केलं. अक्षता नि अक्षता दिसती.” मग त्यांनी आणखीही सल्ले दिले. गाण्यात देव पाहिजे. बाई पाहिजे. बाईला पळायला झाडं पाहिजेत. झाडांचं काय करायचं यावर त्यांनी बराच वेळ विचार केला आणि शेवटी “बाभळ चालंल, पर पदर अडकंल,” असं ठरवून घरी गेले.

खरी अडचण टँकरची झाली. बंडप्पा म्हणाला, “यप्पा, सरकारी गाडी हाय ही, परवानगीबगर उभी केली तर माझी नोकरी जाती.” उत्तरेश्वरराव तहसील कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

“टँकर कशाला पाहिजे?”

“मागं उभा करायला.”

“पाणी?”

“पाणी नको. रिकामाच चालंल.”

कारकून त्यांच्याकडं बघतच राहिला. एवढ्या दुष्काळात पाणी नको म्हणणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच बघितला असावा. “आमच्याकडं लग्नाला टँकर द्यायची सोय हाय, दहाव्याला हाय, मंत्री आले तर रस्त्यावर शिंपायला हाय. निस्तं मागं उभा करायला कोणत्या नियमात देऊ, तेवढं सांगा.”

नियम सापडेना, तेव्हा उत्तरेश्वरराव आबारावांकडं गेले. आबारावांनी फोन फिरवला, दोन वेळा “हं” म्हणाले, एकदा मोठ्यांदा हसले आणि काम झालं. मग खुर्चीत मागं रेलून म्हणाले, “टँकर मिळाला. जागा सोसायटीच्या आवारात घ्या. आता कार्यक्रमाची रूपरेषा काय ठरवली?”

“कार्यक्रम न्हाय साहेब, गाणं हाय. चार मिनिटांचं.”

“आवं गाणं हायच. पर टँकर कुणी मिळवून दिला? त्याचा काही सत्कार-बित्कार?”

इथं चूक झाली. उत्तरेश्वररावांनी “करू की साहेब” असं म्हटलं. आपल्याकडं हे तीन शब्द फार जपून बोलावे लागतात. कारण चेअरमनचा सत्कार केला आणि व्हाइस चेअरमनचा केला नाही तर सोसायटी फुटते. ते दोघं आले की संचालक आले. ज्यानं जनरेटर दिला तो मंडपवाला सोडून कसं चालेल? त्यानं मंडप न मागताच घालून दिला, म्हणजे त्याचा दोनदा करायला पाहिजे. बब्रुवानांनी सल्ला दिला होता, त्याचाही विचार झालाच पाहिजे, असं बब्रुवानांनीच सुचवलं. सत्यभामेनं टॉवेल-टोप्यांचा ढीग बघून विचारलं, “अहो, गाणं करताय का बारसं?” उत्तरेश्वरराव टोप्या मोजत राहिले. कलावंताला घरात कुणी समजून घेत नाही, असं त्यांना त्या दिवशी फार वाटलं.

शूटिंगच्या दिवशी वीरप्पा सकाळच्या एस.टी.नं उतरला. कॅमेरा शालीत गुंडाळून तान्ह्या पोरासारखा छातीशी धरलेला. आल्याआल्या त्यानं विचारलं, “मुहूर्त कवाचा? नवरी कुठाय?”

“नवरी न्हाय,” उत्तरेश्वरराव म्हणाले. “गाणं हाय.”

“गाणं लावतो की मी नंतर. सनईचं लई ग्वाड हाय माझ्याकडं.”

त्याला समजावता समजावता ऊन वर आलं. बंडप्पानं टँकर आणून आवारात लावला. काय दिमाख होता त्याचा! धुळीनं माखलेला, पुढच्या दिव्याला एक लिंबू-मिरची. पुढं डबे मांडले, गिटारीची वायर जनरेटरला जोडली. पिराजी गुरुजींनी परदेशी पार्टीसारखे केस विस्कटून घेतले. पण शाळेत उद्या तेच केस घेऊन जायचंय हे आठवून परत भांग पाडला. उत्तरेश्वररावांचं काळीज असं धडधडत होतं की ड्रम नसता तरी भागलं असतं.

आणि मग सत्कार सुरू झाले.

आबाराव खुर्चीवर बसले, हार पडला, नारळ मिळाला, वीरप्पाचा दिवा भगभगला. मग आबाराव बोलायला उभे राहिले. सहकारावर बोलले, दुधावर बोलले, ‘कला आणि कडबा’ या विषयावर तर फारच रंगून बोलले. मग व्हाइस चेअरमन. मग संचालक. टॉवेल, टोपी, नारळ. टॉवेल, टोपी, नारळ. मंडपवाल्याला दोन नारळ दिल्यावर एका संचालकाचा चेहरा पडला, म्हणून त्याला परत बोलावून दुसरा दिला. वीरप्पा घामानं निथळत एकेकाचं तोंड टिपत होता.

उत्तरेश्वररावांनी त्याच्या कानाला लागून म्हटलं, “अहो, हे राहू द्या. टेप वाचवा गाण्याला.”

वीरप्पा हबकला. “मालक, आहेर मधी तोडत नसतेत! एका लग्नात म्या एक मामा सोडला, तर त्याच्यापायी सोयरीक मोडायला आलती. एक टेप म्हंजे एक लगीन. आपला हिशोब कधी चुकला न्हाय, तुमी बिनघोर ऱ्हावा.”

पिराजी गुरुजी नारळांच्या ढिगाकडं बघत नुसते म्हणाले, “उत्तरेश्वर, ह्यात आपलं लगीन लागंल असं मला तरी वाटत न्हाय.”

शेवटी एकदाचे बब्रुवान टोपी घालून खाली बसले. आवारात शांतता झाली. बंडप्पानं मनगटं झटकली, डबे दणाणले, गिटार किंचाळली, आणि पिराजी गुरुजींनी आभाळाकडं तोंड करून गर्जना केली, “आला का?”

“न्हाय आला!” उत्तरेश्वरराव आणि बंडप्पा ओरडले.

“न्हाय आला?” फाटकातून आवाज आला. “मंग तुमच्या मागं काय हुबा हाय?”

फाटकात नागूबाई होती. नागूबाई म्हणजे आमच्या भागातल्या पाण्याच्या रांगेची सर्वाधिकारी. रांगेत कोण पुढं, कोण मागं, कुणाच्या घरी पाहुणे, कुणाला एक घागर जास्त, हे सगळं तिच्या हातात. तिच्यामागं बायकांची ही गर्दी, प्रत्येकीच्या कमरेवर घागर. सकाळपासून त्या रस्त्यावर टँकरची वाट बघत होत्या, आणि टँकर इथं सावलीत नारळ खात उभा!

“गुरुजी, पोरास्नी शाळंत हेच शिकवता व्हय? मागं ढळढळीत टँकर, आन् न्हाय आला म्हून बोंबलताव?”

“बाई, ते गाण्यात हाय,” पिराजी गुरुजी म्हणाले.

“आन् पाणी कशात हाय?”

बायका टँकरकडं धावल्या. एकीनं तोटी फिरवली. तोटीतून वारा आला. दुसरीनं टाकीवर थाप मारली, ती घुमली. मग जे झालं ते लिहायला सुसंस्कृत भाषेत शब्द नाहीत. रिकामा टँकर! मुद्दाम रिकामा मागून आणलेला! नागूबाईनं विचारलं, “कुणाच्या डोस्क्यातनं निगालं हे?” आणि सगळ्या सत्कारमूर्तींनी, टोप्यांसकट, एकदम उत्तरेश्वररावांकडं बोट केलं.

आबाराव मात्र मुरलेले. ते लगेच खुर्चीवर चढले. “मायबहिणींनो, टँकर म्याच आणलाय! भरायला म्याच धाडणार हाय! बंडप्पा, निघ!” बंडप्पाला काही बोलायला वाव राहिला नाही, कारण तोवर चार बायका केबिनमध्ये बसल्याही होत्या. टँकर गेला. त्याच्यासंगं ड्रम वाजवणारा गेला. धूळ उडाली ती गिटारीवर बसली, आणि वीरप्पा शांतपणे कॅमेरा शालीत गुंडाळून म्हणाला, “लई झकास झालं. पाठवणीला एवढी गर्दी म्या बघितली न्हाय.”

उत्तरेश्वरराव घरी आले आणि गिटार खुंटीला अडकवून भिंतीकडं तोंड करून झोपले. अपमान, अपमान म्हणतात तो हाच. लोकांनी गाणं नावडलं म्हणून शिव्या दिल्या असत्या तर काही वाटलं नसतं. गाणं ऐकलंच नव्हतं, शिव्या पाण्यासाठी होत्या! कोरडवाहूची पाटी त्यांनी काढून टाकली. सत्यभामा जेवायला बोलवायला आली, तेव्हा म्हणाले, “माझं गाणं संपलं.” ती म्हणाली, “बरं. पिठलं गार व्हायलंय.”

थोड्या दिवसांनी वीरप्पानं एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती कॅसेट धाडली, आणि आबारावांनी आवारात भाड्याचा टीव्ही, व्हिडिओ लावून गावाला आवतण दिलं. उत्तरेश्वररावांना जायचं नव्हतं. पण मनात एक वेडी आशा होती, की कुणी सांगावं, वीरप्पानं एखादं कडवं टिपलं असेल. संध्याकाळी ते मागच्या बाजूला, कडब्याच्या गंजीला टेकून उभे राहिले. पुढं पुरुष, बाजूला बायका, टाचणी टाकायला जागा नव्हती.

पडद्यावर आधी दोन बदाम आले. बदामांतून आबाराव उगवले. खाली सनई वाजायला लागली. काय आरोळी उठली महाराजा! उमरग्याची माणसं टीव्हीत! टॉवेल, टोपी, नारळ, प्रत्येक नारळाला टाळ्या. व्हाइस चेअरमन म्हणाले, “माझं तोंड नीट दिसलं न्हाय, मागं घ्या,” म्हणून मागं घेतलं. मग संचालकांचंही घ्यावं लागलं. ‘कला आणि कडबा’ तर आबारावांनी पुन्हा लावायला सांगितलं आणि पडद्यावरच्या आबारावांबरोबर ओठ हलवत ऐकलं. कॅसेट सरत आली होती. शेवटी बब्रुवान टोपी घालून खाली बसले, डबे दणाणले, पिराजी गुरुजींनी तोंड उघडलं, “आला—”

आणि पडद्यावर मुंग्या आल्या.

टेप संपली होती. एक लगीन पुरं झालं होतं. उत्तरेश्वररावांना रडू आलं, अगदी खरं रडू, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ते गंजीकडं वळले.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं नागूबाईचा आवाज आला, “—का?”

“न्हाय आला!” सगळ्या बायका एका सुरात.

“आला का?”

“न्हाय आला!”

एकीनं घागरीवर थाप मारली. घागरी कुणी आणल्या होत्या? सगळ्यांनी! टँकरचा काय नेम, म्हणून उमरग्यातली बाई त्या साली लग्नालासुद्धा घागर घेऊन जायची. एक वाजली तशा सगळ्या वाजायला लागल्या. ‘घागर माझी उपाशी’ झालं. उत्तरेश्वरराव वळून बघायला लागले. आता हे थांबणार, आता कुणालातरी आठवण होणार. पण दुसरं कडवं सुरू झालं!

धूळ उठली, पळत गेले,
मेंढरं निघाली, माघारी आले!

उत्तरेश्वरराव गर्दीतून वाट काढत पुढं आले, आणि बघतात तो मधोमध पदर खोचून, घागर मांडीवर घेऊन, कडवं सांगणारी सत्यभामा!

“तुला... तुला दुसरं कडवं कुठून येतं?”

“कुठून म्हंजे?” तिचा हात थांबला नव्हता. “वर्षभर तुमी तिकडं वाजवता, मी इकडं भाकरी थापते. कान काय खुंटीला टांगून ठेवते का? तुकड्यातुकड्यानं ऐकलं, पर पुरतं ऐकलं. रांगेत हुबं ऱ्हाऊन पाय दुखत्यात, म्हून त्या टँकरच्या दिसापास्नं म्हणायला घेतलं. आता साऱ्यांचं पाठ हाय.”

“मग मला कामून सांगितलं न्हाय?”

“तुमी इचारलं कवा?”

उत्तरेश्वररावांचा ऊर असा भरून आला की त्यांनी तिथल्या तिथं पिराजी गुरुजींसारखा टिपेचा सूर लावला, “आला काऽऽ?”

नागूबाईनं घागर थांबवली. “सायेब, तसं न्हाय ते. तुमी लई ताणता. तुमाला येत न्हाय तर मधी कडमडू नका, आमाला म्हणू द्या.”

शेजारी उभे असलेले पिराजी गुरुजी म्हणाले, “बाईचं बरोबर हाय,” आणि स्वतः ठेका धरला.

तिसरं कडवं उत्तरेश्वररावांचं नव्हतं. ते रांगेत तयार झालं होतं.

आबारावाच्या गळ्यात हार,
आमच्या घागरीत वारा गार!

सगळं आवार चपापलं. आबारावांनी कान टवकारले, आणि मग त्यांचा चेहरा असा फुलला! “ऐकलं का? माझं नाव आलं गाण्यात! उत्तरेश्वर, मर्दा, आधी का घातलं न्हाईस?” मग पुरुष हसता हसता लोळायला लागले. व्हाइस चेअरमन आपलंही नाव घालायला सांगायला पुढं सरसावले. त्या गदारोळात सत्यभामेनं नवऱ्याकडं एकदा तिरका डोळा केला आणि चौथं कडवं सोडलं,

नवरा माझा गिटारवाला,
पाण्याला कधी न्हाय गेला!

याला हशा नि टाळ्या अशा पडल्या, की तशा कुठल्याच नारळाला पडल्या नव्हत्या. मुंग्या चाललेल्या टीव्हीपुढं सगळा उमरगा घागरी बडवत होता, आणि उत्तरेश्वरराव कानापर्यंत लाल होऊन उभे होते. राग आला होता, हसू आलं होतं, आणि कधी नव्हे तो आनंद पायापासून वर चढत होता. अब्रू तर गेलीच होती, आता लाजायचं कशाला? तेही नाचले. वाईट नाचले, पण नाचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या रांगेत सगळ्यात शेवटी एक पुरुष उभा होता. सोसायटीचा कारकून, इस्त्रीचा शर्ट, दोन्ही हातांत घागरी. नागूबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि घागरीवर ठेका धरला. रांग लांबच लांब होती. एकामागून एक कडवी यायला लागली, ओळखीची, बिनओळखीची, काल नव्हती तीसुद्धा. उत्तरेश्वरराव कान देऊन ऐकत होते. लांब रस्त्यावर कुठं धूळ उठल्यासारखी दिसली, तेव्हा सगळ्या बायका टाचा वर करून बघायला लागल्या. रांगेत एकटे उत्तरेश्वररावच असे होते, की जे मनातल्या मनात म्हणत होते, देवा, मेंढरंच असू दे, अजून गाणं संपायचंय.